महिन्याची सात तारीख

एका शाळकरी मुलीच्या केसपेपरवर चार भेटींच्या नोंदी होत्या. 9 जुलैला पोटदुखी: जंताची गोळी आणि पोटदुखीची गोळी. 12 ऑगस्टला लघवीला जळजळ: पाच दिवसांचं अँटिबायोटिक, पाणी भरपूर प्यायचा सल्ला. 10 सप्टेंबरला अशक्तपणा, हिमोग्लोबिन 9.2: लोहाच्या गोळ्या आणि समुपदेशन. 9 डिसेंबरला शाळेत दातखिळी बसली, हातपाय ताठ झाले, म्हणून वर्गशिक्षिकेने रिक्षात घालून थेट कॅज्युअल्टीत आणलं. तपासण्या सगळ्या नॉर्मल. उद्या मानसोपचार ओपीडीत दाखवा, असा शेरा.

सप्टेंबरचं ते समुपदेशन मी केलं होतं. नागपुरातल्या एका सरकारी रुग्णालयात मी किशोरवयीनांसाठीच्या क्लिनिकमध्ये काम करते. त्या दिवशी ती आणि तिची आई माझ्यासमोरच्या दोन खुर्च्यांवर बसल्या होत्या. मी प्रश्न मुलीला विचारत होते आणि उत्तरं आई देत होती. "सकाळी काहीच खात नाही मॅडम. रात्री झोपून नाही राहिली. अभ्यासात ध्यान नाही." मी पालेभाजी, गूळ-शेंगदाणे, लिंबाबद्दल बोलले. गोळी चहासोबत घ्यायची नाही, हे दोनदा सांगितलं. तिने मान हलवली. दहा मिनिटांत दोघी उठून गेल्या आणि मी रजिस्टरमध्ये एक ओळ भरली.

पुढे लिहिण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. हे कोणा एका मुलीचं प्रकरण नाही. कामात समोर आलेल्या वेगवेगळ्या प्रसंगांतून ते गुंफलं आहे. वय, वस्ती, आईवडिलांचे कामधंदे, तारखा, यातलं काहीही धरून कोणापर्यंत पोहोचता येणार नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याचं कलम 23 पीडित मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. कायदा नसता तरी मी नाव लिहिलं नसतं.

मुलगी 14 वर्षांची, नववीत. वडील ई-रिक्षा चालवतात, आई एका केटररकडे पोळ्या लाटायला जाते. लग्नसराईत रात्री अकरा-साडेअकराला घरी परतते. पूर्व नागपुरातल्या वस्तीत एका दुमजली घराच्या तळमजल्यावर दोन खोल्या किरायाने घेतलेल्या. घरमालक वरच्या मजल्यावर. त्याला घरातले सगळे काका म्हणत. लाइट गेली, पाण्याची मोटर बिघडली, पोरीला शाळेच्या फॉर्मवर सही हवी असली, की काकाच धावून यायचे.

दातखिळी आधी घरीही दोनदा बसली होती. शेजारणी म्हणाल्या, अंगात आलं. आईने ताजबागच्या दर्ग्यात नेऊन धागा बांधून आणला. मला त्यात नावं ठेवण्यासारखं काही दिसत नाही. आम्ही पोटदुखीची गोळी दिली, तिने धागा बांधला. दोन्हीकडे इलाज त्रासाचा होत होता आणि त्रासाचं कारण वरच्या मजल्यावर होतं.

10 डिसेंबरला मानसोपचार विभागातल्या तरुण डॉक्टर मॅडमनी मला बोलावून घेतलं. त्यांनी केसपेपर उलटा वाचायला सुरुवात केली होती, शेवटच्या भेटीकडून पहिल्या भेटीकडे. वारंवार पोटदुखी, लघवीचा संसर्ग, झोप उडणं, वजन घटणं, आता हे झटके. यातलं एकेक लक्षण शंभर कारणांनी होतं. पण सहा महिन्यांत एकाच मुलीत हे सगळं ओळीने आलं तर विचारायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटनेने लैंगिक अत्याचाराला सामोऱ्या गेलेल्या मुलांच्या उपचारांसाठी 2017 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा भर यावरच आहे की लक्षणं दिसली तर योग्य जागी, योग्य पद्धतीने विचारावं. आमच्या ओपीडीत योग्य जागा म्हणजे काय, हाच मोठा प्रश्न. एका टेबलाशी दोन डॉक्टर, मागे रांग, दारात वॉर्डबॉय. शेवटी ड्रेसिंगची खोली रिकामी करून घेतली.

आईला सांगितलं, "या वयाच्या सगळ्याच मुलामुलींशी आम्ही पाच-दहा मिनिटं वेगळं बोलतो, ताई. तुम्ही बाहेर बाकावर बसा." ती लगेच उठली. सप्टेंबरमध्ये मी हे एवढंच केलं नव्हतं.

मुलीला मी आधी काय सांगितलं, ते मुद्दाम लिहिते, कारण इथे बरेच जण चुकतात. "तू जे सांगशील ते मी ओपीडीत कोणाला बोलून दाखवणार नाही. पण तुला कोणी इजा करत असेल, तर ती थांबवण्यासाठी मला काही माणसांना सांगावंच लागेल. कोणाला सांगणार, ते मी तुला आधी सांगेन." कोणालाच सांगणार नाही असं वचन देऊन बोलतं करणं सोपं असतं. मग तासाभराने पोलीस आले की त्या मुलीच्या लेखी आपणही खोटं बोलणाऱ्या मोठ्या माणसांत जमा होतो.

मी विचारलं, असं कोणी आहे का, घरी, शाळेत, वाटेत, ज्याच्याजवळ जायची वेळ आली की पोटात गोळा येतो? ती बराच वेळ खिडकीच्या जाळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "किराया द्यायला मीच जाते."

एवढंच. पुढचं यायला अर्धा तास लागला. ते इथे लिहिण्याची गरज नाही. जूनपासून सुरू होतं, आधी हात लावणं, मग त्याहून जास्त. किराया सात तारखेला द्यायचा ठरलेला. बाबा रस्त्यावर, आई कामावर, म्हणून पाकीट घेऊन वर जायचं काम तिचं. मी केसपेपरवरच्या तारखा पुन्हा पाहिल्या. जुलैची 9, ऑगस्टची 12, सप्टेंबरची 10, डिसेंबरची 9. ऑक्टोबरात वडिलांची गाडी दुरुस्तीला होती, ते घरी होते, किराया त्यांनीच नेऊन दिला. नोव्हेंबरात ती दिवाळीच्या सुट्टीत आजीकडे गेलेली. त्या दोन महिन्यांत ती रुग्णालयात आलीच नव्हती. तोंडाने सांगायच्या आधी ती चार वेळा येऊन सांगून गेली होती, आणि प्रत्येक वेळी आम्ही गोळी देऊन परत पाठवलं होतं.

शेवटची घटना 7 डिसेंबरच्या संध्याकाळी पाचच्या सुमाराची. ती बोलली तेव्हा 10 तारखेचे दुपारचे बारा वाजत आले होते. म्हणजे 67 तास. एचआयव्हीचा संसर्ग टाळण्यासाठीची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी चांगली. त्यानंतर सुरू करून उपयोग नाही. गर्भधारणा टाळणारी दीड मिलिग्रॅमची गोळीही 72 तासांत घेतलेली बरी. पाच दिवसांपर्यंत देतात, पण उशीर होईल तसा परिणाम कमी होतो. आमच्या हातात पाच तास होते.

त्यातला जवळजवळ दीड तास एका कागदावर गेला. कॅज्युअल्टीत सांगण्यात आलं, "आधी पोलिसांचं पत्र आणा, मग एमएलसी करू, मग औषधं." एमएलसी म्हणजे पोलीस प्रकरणाची वैद्यकीय नोंद. हे सांगणारा माणूस वाईट नव्हता. तो वर्षानुवर्षं तसंच करत आला होता. पण 2020 च्या पोक्सो नियमांतला सहावा नियम स्पष्ट आहे: मुलावर तातडीचे उपचार करताना कोणत्याही डॉक्टरने किंवा रुग्णालयाने कायदेशीर मागणीपत्र वा इतर कागद ही पूर्वअट ठेवायची नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 397 सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांना अशा पीडितांवर तत्काळ आणि मोफत उपचार करायला बांधून घेतं. न केले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 200 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मी तो नियम मोबाइलवर उघडून दाखवला. वरिष्ठांना फोन केला. शेवटी तीन वाजून चाळीस मिनिटांनी तिने पहिली गोळी घेतली. गर्भचाचणी निगेटिव्ह आली होती, म्हणून गर्भनिरोधक गोळीही दिली. कावीळ बी आणि धनुर्वाताची लस, लैंगिक संसर्गांवरचं औषध, एचआयव्हीची पहिली तपासणी, सगळं त्याच खोलीत झालं. तिला खिडकी-खिडकीने फिरवलं नाही. सिस्टरने तिच्यासाठी कॅन्टीनमधून पोहे आणले, कारण रिकाम्या पोटी त्या गोळ्यांनी मळमळतं.

तपासणीबद्दल नागपूरकर म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. अत्याचारपीडितांची न्यायवैद्यक तपासणी किती निष्काळजीपणे आणि अपमानास्पद रीतीने होते, याचा अभ्यास आपल्या शेजारच्या सेवाग्राममधल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी मांडला आणि त्यावरची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात चालली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2014 मध्ये देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. योनीत बोटं घालून करायची ती तथाकथित 'टू फिंगर' चाचणी सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये चुकीची ठरवली, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये सांगितलं की ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी मानला जाईल. बारा वर्षांवरच्या मुलीची तपासणीला स्वतःची संमती घ्यायची असते, आणि ती तपासणीचा एखादा भाग नाकारू शकते. या मुलीने आतली तपासणी नाकारली. डॉक्टर मॅडमनी "बरं" म्हणून तो नकार लिहून घेतला, बाकी नमुने घेतले. सोबत कोण हवं, विचारल्यावर तिने आईचं नाव नाही घेतलं. "सिस्टर राहू द्या." अंगावर जखम सापडली नाही. जखम नसणं म्हणजे काही घडलं नाही असा अर्थ होत नाही, हेही अहवालात लिहावं लागतं, नाहीतर पुढे न्यायालयात त्याचाच मुद्दा होतो.

आईला सांगण्याचं काम माझ्याकडे आलं. तिने आधी ऐकूनच घेतलं नाही. मग उठून उभी राहिली, परत बसली. पहिलं वाक्य बोलली ते असं: "पोलिसाले नोका सांगू मॅडम. आमाले कुठं जागा भेटन आता?"

या वाक्यावर कोणी तिला नावं ठेवू नयेत. तिचे दोन महिन्यांचे डिपॉझिट त्या माणसाकडे होतं. केटररकडचं काम त्याच गल्लीत. धाकटा मुलगा त्याच शाळेत. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याच छताखाली त्या रात्री झोपायचं होतं. अत्याचार करणारा बहुतेक वेळा अनोळखी नसतो, हे आपण भाषणांत ऐकतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालांतही बलात्काराच्या दर 100 नोंदींत 90 हून अधिक आरोपी पीडितेच्या ओळखीचे असतात. पण ओळखीचा म्हणजे काय, ते त्या बाकावर कळतं. ओळखीचा म्हणजे ज्याच्यावर आपलं घर, पाणी, लाइट, उधारी टेकलेली आहे तो.

मी तिला खोटं आश्वासन दिलं नाही. पोक्सोच्या कलम 19 प्रमाणे मला पोलिसांना कळवावंच लागणार होतं. न कळवणं हा कलम 21 खाली गुन्हा आहे. मात्र तक्रार म्हणजे आज रात्री त्याच घरात परत जाणं नव्हे, हे मी तिला सांगू शकले. आईची बहीण कामठीला राहत होती. तिला फोन लावला. रात्रीपुरता प्रश्न सुटला.

वडील संध्याकाळी आले. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "म्हणजे हात लावला, एवढंच ना?" त्यांना मुलीचं दुःख कळत नव्हतं असं नाही. आपल्या घरात याहून मोठं काही झालेलं नसावं, ही त्यांची धडपड होती. पण मला त्या क्षणी जानेवारी 2021 चा नागपूर खंडपीठाचा निकाल आठवला. 12 वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात, त्वचेचा त्वचेशी स्पर्श झाला नाही म्हणून तो पोक्सोखालचा लैंगिक हल्ला ठरत नाही, असं त्यात म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने 18 नोव्हेंबर 2021 ला तो रद्द केला; महत्त्वाचा आहे तो लैंगिक हेतू, कपडा मध्ये होता की नव्हता हे नाही. निकाल रद्द झाला, तरी "एवढंच ना" हा प्रश्न घराघरांत अजून विचारला जातो. मी वडिलांना म्हटलं, "भाऊ, एवढंच असतं तरी ते कमी नव्हतं. आणि एवढंच नाही." ते जिन्यात जाऊन बसले. एक तास आत आले नाहीत.

त्यानंतरचा भाग बराचसा नियमाप्रमाणे झाला, म्हणून भराभर सांगते. महिला उपनिरीक्षक साध्या कपड्यांत कामठीच्या घरी येऊन जबाब घेऊन गेल्या. चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवलं गेलं. समितीने एक सहायक व्यक्ती नेमून दिली, जी खटला संपेपर्यंत कुटुंबासोबत राहते. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जबाब झाला. आरोपीला अटक झाली. पीडितांना आर्थिक मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेला.

एक गोष्ट आमच्याकडून राहिली. पोक्सो नियमांत तातडीच्या मदतीची वेगळी तरतूद आहे. अन्न, कपडे, प्रवास अशा गरजांसाठी बाल कल्याण समिती शिफारस करू शकते आणि ती मिळाल्यापासून आठवड्यात रक्कम द्यायची असते. आम्हाला ती तीन आठवड्यांनी आठवली. तोपर्यंत आईने मंगळसूत्राचे मणी गहाण ठेवून नव्या खोलीचं डिपॉझिट भरलं होतं.

लोक विचारतात, हा तर गुन्हा आहे, पोलीस-न्यायालयाचा विषय. आरोग्य खात्याचं यात काय? माझं उत्तर त्या 28 गोळ्यांमध्ये आहे. एचआयव्ही टाळण्याची गोळी रोज एक, सलग 28 दिवस. ते घेताना मळमळ, डोकेदुखी, कडू तोंड. मावशीच्या घरी सात माणसं, एकच कपाट. गोळ्यांची डबी कोणी पाहिली आणि नाव वाचलं तर? आईने गोळ्या काढून तांदळाच्या डब्यात, पुरचुंडीत ठेवल्या. खोली बदलण्याच्या धांदलीत पुरचुंडी हरवली. मला फोन आला तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. दोन डोस चुकले. दुसऱ्या दिवशी एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्रातून उरलेल्या गोळ्या पुन्हा घेतल्या. हे काम कोणताही पोलीस ठाण्यातला अधिकारी करणार नाही, आणि त्याने करावंही असं नाही. सहा आठवड्यांची तपासणी, तीन महिन्यांची तपासणी, लसीचा दुसरा डोस, झोप, झटके, स्वतःला इजा करण्याचे विचार आहेत का हे दर भेटीला सरळ शब्दांत विचारणं, शाळा बदलल्यावर मुलगी खरंच वर्गात बसते का हे पाहणं; हे सगळं आरोग्याचंच आहे आणि महिनोन्‌महिने चालतं.

आणि प्रमाण पाहिलं तर ही एकेकट्या घरांची दुर्दैवी कहाणी राहत नाही. महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये 13 राज्यांतल्या 12,000 हून अधिक मुलांशी बोलून केलेल्या अभ्यासात 53 टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला होता, आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. युनिसेफने ऑक्टोबर 2024 मध्ये जगभरचा अंदाज दिला: आज हयात असलेल्या 37 कोटींहून अधिक मुली आणि स्त्रियांनी 18 वर्षांच्या आत बलात्कार किंवा लैंगिक हल्ला सोसला आहे, म्हणजे आठांतली एक. एवढ्या मुलांना एखादा आजार झाला असता तर प्रत्येक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर त्याची लक्षणं लिहिलेली असती. मुलग्यांचं तर बोलायलाच नको. पोक्सो कायदा मुलगा-मुलगी भेद करत नाही, पण आमच्या क्लिनिकमध्ये मुलगे येतात ते चिडचिड, व्यसन, शाळा सोडणं या नावांखाली, आणि तसेच परत जातात.

जानेवारीत आम्ही ओपीडीत दोन बदल केले. 10 ते 19 वयाचं कोणीही तीन महिन्यांत दुसऱ्यांदा आलं, तर जुने कागद सोबत वाचायचे. आणि ड्रेसिंगची खोली रोज साडेअकरा ते साडेबारा रिकामी ठेवायची, आईवडिलांना बाहेर बसवून बोलण्यासाठी. सुरुवातीला पालक रागावले. एक आजोबा म्हणाले, "माझ्या नातवाला माझ्यासमोर काहून नाही बोलता येत?" त्यांना समजावून सांगावं लागलं. आता बाकावर बसतात. किती मुलं त्या खोलीत बोलली हे मी इथे लिहिणार नाही. पहिल्या महिन्यात ड्रेसिंगवाल्या सिस्टरने खोली परत मागितली नाही, एवढं सांगते.

मुलगी आता दुसऱ्या शाळेत आहे. झटके फेब्रुवारीनंतर आले नाहीत. एचआयव्हीची तीन महिन्यांची तपासणी निगेटिव्ह. झोप अजून नीट नाही. महिन्याचा पहिला आठवडा तिला जड जातो, म्हणून तिची भेट आम्ही मुद्दाम सहा तारखेची ठेवतो. नव्या खोलीचा किराया आई फोनवरून पाठवते. ते कसं पाठवायचं, तिनेच आईला शिकवलं.

गेल्या भेटीत तिच्या हातात समन्स होतं. विशेष न्यायालयात तिची साक्ष. तिने विचारलं, तिथे तो समोर असेल का? पोक्सोच्या कलम 36 प्रमाणे साक्ष देताना आरोपी तिला दिसणार नाही अशी व्यवस्था न्यायालयाने करायची असते. पडदा असतो किंवा व्हिडिओवरून साक्ष होते. प्रश्न वकील थेट विचारत नाहीत, न्यायाधीशांमार्फत विचारतात. हे सगळं मी कागदावर चौकोन काढून समजावलं, कोण कुठे बसेल ते. तिने कागद घडी करून वहीत ठेवला.

मग म्हणाली, "पण ताई, त्या दिवशी माझा गणिताचा पेपर आहे."

तारीख बदलून मिळावी म्हणून सहायक व्यक्तीमार्फत अर्ज दिला आहे.